दहा वर्षांची मुदत

१२ जुलै १९८५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात दाखल झाले, ते एका किरकोळ कामासाठी. आधीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात दिसलेला एक छोटा कोंब काढायचा होता. तो निघाला. पण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी दुर्बीण आतड्याच्या पार सुरुवातीच्या टोकापर्यंत नेली आणि तिथे, पोटाच्या उजव्या बाजूला, सुमारे पाच सेंटिमीटरची गाठ बसलेली दिसली. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया करून जवळजवळ साठ सेंटिमीटर आतडे काढावे लागले. दोन दिवसांनी अहवाल आला की गाठीत कर्करोग आहे, पण तो लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेला नाही. रेगन तेव्हा ७४ वर्षांचे होते. ते आणखी जवळजवळ १९ वर्षे जगले. २००४ मध्ये, वयाच्या ९३व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला तो अल्झायमरच्या दीर्घ आजारानंतर.

सगळ्यांनाच हे भाग्य लाभत नाही. जगात २०२२ या एका वर्षात सुमारे १९ लाख लोकांना मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि नऊ लाखांवर माणसे त्याने दगावली. रुग्णसंख्येत हा कर्करोग जगात तिसरा आणि मृत्यूंच्या संख्येत दुसरा आहे. भारतात दरवर्षी साधारण ६५ ते ७० हजार नवे रुग्ण सापडतात. युरोप-अमेरिकेच्या तुलनेत हे प्रमाण बरेच कमी असले, तरी आपल्या शहरांत ते वाढते आहे. दुःख याचे की कर्करोगांमध्ये इतकी उसंत देणारा रोग विरळाच. निरुपद्रवी कोंबापासून घातक गाठ व्हायला साधारणपणे दहा वर्षे लागतात. ही मुदत कशी वापरायची आणि आपण ती कशी दवडतो, याचे हे प्रकरण आहे.

दीड मीटरचे काम

अन्नातले बहुतेक पोषण लहान आतड्यातच रक्तात जाते. उरलेला पातळ रस उजव्या कुशीत, जिथे अपेंडिक्स असते तिथे, मोठ्या आतड्यात उतरतो. तिथून तो वर यकृताखाली जातो, मग आडवा डावीकडे पांथरीपर्यंत, मग डाव्या कुशीतून खाली आणि शेवटी गुदाशयात. हा सगळा प्रवास जेमतेम दीड मीटरचा. रोज सुमारे दीड लिटर द्रव या नळीत शिरतो आणि बाहेर पडताना त्यातले शंभर-दोनशे मिलिलिटर पाणीच मळात उरते. बाकीचे पाणी आणि क्षार आतड्याची भिंत परत शरीराला देते. हे काम बिघडले की काय होते, हे जुलाबाने एका दिवसात गळून गेलेल्या माणसाला विचारावे.

आतड्याचे दुसरे काम त्यात राहणाऱ्या कित्येक लाख कोटी जिवाणूंकडे आहे. भाकरी, डाळी, भाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचे एक छोटे मेदाम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा त्यातूनच मिळवतात. शिवाय ब्युटिरेट दाह कमी करते आणि बिघडलेल्या पेशींची वाढ रोखायलाही मदत करते. म्हणजे चोथा हा निव्वळ पोट साफ करणारा टाकाऊ भाग नाही. तो आतड्याच्या पेशींचा खुराक आहे.

कोंब ते गाठ

आतड्याच्या आतल्या अस्तराला अखंड घर्षण सोसावे लागते, म्हणून ते दर चार-पाच दिवसांनी नवे होते. जुन्या पेशी गळतात आणि खालून नव्या वर येतात. प्रत्येक नव्या पेशीसाठी डीएनएची प्रत काढावी लागते. इतक्या प्रती काढताना अधूनमधून चूक होणारच. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करते किंवा ती पेशीच नष्ट करते. एखादी चूक मात्र सुटून जाते.

त्या चुकांचा क्रम १९९० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी मांडला. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे एपीसी नावाचे जनुक बंद पडले की अस्तरावर एक छोटासा उंचवटा तयार होतो. हाच कोंब, म्हणजे पॉलिप. पुढे केरास नावाचे जनुक बिघडले की कोंब वाढू लागतो. शेवटी शरीराचे एक मोठे संरक्षक जनुक, टीपी ५३, निकामी झाले की पेशी भिंत भेदून आत शिरतात, आणि त्याला कर्करोग म्हणतात. एकेका टप्प्याला वर्षे लागतात. बहुतेक कोंब आयुष्यभर कोंबच राहतात. पण मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग कुठल्यातरी कोंबातूनच निघालेले असतात. म्हणून कोंब वेळेवर काढला, तर त्यातून होऊ शकणारा कर्करोग होण्याआधीच टळतो. इतकी सोपी संधी फार थोड्या कर्करोगांत मिळते.

बार्शी आणि मुंबई

हा रोग जागा बदलल्यावर बदलतो, हे महाराष्ट्रातही दिसते. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाच्या रुग्णांची लोकसंख्येवर आधारित नोंद ठेवली जाते. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली आणि त्या भागातल्या खेड्यापाड्यांतले रुग्ण मोजले जाऊ लागले. बार्शी भागात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा कमी आढळत आले आहे. खेड्यात काही रुग्णांचे निदानच होत नसेल, हे धरूनही राहणीतला फरक नजरेआड करता येत नाही. एकीकडे ज्वारीची भाकरी, कडधान्ये आणि शेतातले कष्ट आहेत. दुसरीकडे मैदा, तळण आणि खुर्चीत बसून केलेली दहा तासांची नोकरी आहे.

डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाने हाच विचार १९७१ मध्ये मांडला होता. युगांडात अनेक वर्षे काम करताना त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग क्वचितच दिसला. तिथल्या लोकांच्या जेवणात चोथा भरपूर आहे आणि म्हणून त्यांचा मळ आतड्यात फार काळ रेंगाळत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे अनेक अभ्यासांनी या विचारात भर घातली. २०१५ मध्ये स्टीफन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यांतला सर्वांत बोलका. पिट्सबर्गचे २० आफ्रिकन अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातले २० जण यांनी दोन आठवड्यांसाठी जेवणाची अदलाबदल केली. अमेरिकनांच्या ताटातला चोथा रोज १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर गेला आणि चरबी घटली. आफ्रिकनांचे नेमके उलटे झाले. अवघ्या दोन आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढले आणि अस्तरातला दाह कमी झाला. आफ्रिकनांच्या आतड्यात मात्र कर्करोगाच्या धोक्याशी जोडलेली लक्षणे वाढली. दोन आठवड्यांत कुणाला कर्करोग होत नाही, पण आतडे जेवणाची दखल किती लवकर घेते, हे यातून कळले.

ताटाचा हिशोब

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा खावा असे सांगते. हे ऐकायला अवघड वाटते, पण आपल्या जुन्या ताटात ते सहज बसते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. बाजरी आणि नाचणीत तो ११ ग्रॅमच्या आसपास आहे. मैद्यात किंवा पॉलिश केलेल्या तांदळात मात्र तीन ग्रॅमही नसतो. दोन मध्यम भाकऱ्यांना सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पीठ लागते, म्हणजे १२ ग्रॅम चोथा तिथेच झाला. वाटीभर मटकीच्या उसळीने आणखी पाच-सहा ग्रॅम येतात. पालेभाजी आणि कोशिंबिरीचे तीन-चार धरा. संध्याकाळी एक पेरू बियांसकट खाल्ला तर आठ-नऊ ग्रॅम. हिशोब ३० पर्यंत जातो. चोथा वाढवताना तो हळूहळू वाढवावा आणि पाणी भरपूर प्यावे, नाहीतर पोट फुगते.

मांसाहाराबद्दल घाबरून जायचे कारण नाही, पण माहिती हवी. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. सॉसेज, सलामी, हॅम, बेकन हे त्यात येतात आणि गोव्याचे खारवलेले चोरीसही त्याच वर्गातले. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. मटण, डुकराचे मांस, गोमांस हे लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या गटात आहे. रविवारचे मटण सोडायची गरज नाही, आठवड्याला शिजवलेले ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत राहावे. मासे आणि कोंबडी या गटांत नाहीत.

दारू आणि तंबाखू हा धोका वाढवतात, यात आता शंका उरलेली नाही. पोटाभोवतीची चरबी, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि दिवसभराचे बसणे हीही त्याच यादीत आहेत. याउलट रोजचे चालणे या आतड्याला खरोखर जपते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या रुग्णांना तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करायला लावला. केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या रुग्णांच्या तुलनेत त्यांच्यात रोग उलटण्याचा किंवा नवा कर्करोग होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला. एखाद्या औषधाने हे साधले असते तर त्याची जगभर जाहिरात झाली असती.

'आतडी धुऊन काढणारे' एनिमे, डिटॉक्सची पेये आणि रोज रात्रीचे जुलाबाचे चूर्ण यांनी कर्करोग टळतो, असा पुरावा नाही. निरोगी आतडे स्वतःला स्वच्छ ठेवते. बद्धकोष्ठ असेल तर भरपूर पाण्याबरोबर इसबगोल घ्यायला हरकत नाही. पण वर्षानुवर्षे पोट साफ होत असलेल्या माणसाला अचानक चूर्णाची गरज पडू लागली, तर चूर्णाआधी डॉक्टर गाठावा.

घराण्याचा इतिहास

१८९५ मध्ये मिशिगन विद्यापीठातले रोगनिदानतज्ज्ञ अल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले की आपण लवकर मरणार. घरातली माणसे पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, तशीच आपणही जाऊ, असे तिचे म्हणणे होते. पुढे तिला गर्भाशयाचाच कर्करोग झाला आणि ती त्यानेच गेली. वॉर्थिननी तिच्या कुळाची वंशावळ लिहून काढली आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. अर्ध्या शतकाने हेन्री लिंच यांनी असाच पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा इतर कुटुंबांतही दाखवून दिला, आणि आज हा आजार लिंच सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. यात डीएनएच्या प्रतीतल्या चुका दुरुस्त करणारे जनुकच जन्मतः सदोष असते. म्हणून कोंबाची गाठ व्हायला दहा वर्षे लागत नाहीत, दोन-तीन वर्षांतही ती होऊ शकते. मोठे आतडे, गर्भाशयाचे अस्तर, अंडाशय आणि जठर यांचे कर्करोग एकाच घरात, तेही पन्नाशीच्या आत दिसले, तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

असा ठळक वारसा थोड्याच घरांत असतो. पण आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मूल यांपैकी एकाला जरी मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असला, तरी आपला धोका साधारण दुप्पट होतो. अशा माणसाने चाळिशीत, किंवा त्या नातलगाचे निदान ज्या वयात झाले त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. अडचण अशी की आपल्या घरांत हा इतिहास कुणाला नीट ठाऊकच नसतो. 'काका पोटाच्या आजाराने गेले' एवढेच सांगितले जाते. पोटाचा कुठला आजार, कितव्या वर्षी, हे विचारायला हवे. अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा आतड्याचा जुना दाह असलेल्यांनाही आठ-दहा वर्षांनंतर नियमित तपासणी लागते.

'मूळव्याधच असेल'

आपल्याकडचा सर्वांत मोठा शत्रू हे वाक्य आहे. संडासला रक्त दिसले की माणूस आधी स्वतःच निदान करतो. मोड आले असतील, उष्णता झाली असेल, परवा मिसळ तिखट होती. मग गावातला कुणीतरी पुडी देतो. एसटी स्टँडसमोरच्या भिंतींवर 'मूळव्याध, भगंदर, फिशर, विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज' असे रंगवलेले असतेच. रक्त चार दिवस थांबते, पुन्हा येते आणि दुखणे अंगावर काढण्यात वर्ष जाते. मूळव्याध खरोखर असतेही, आणि रक्त पडण्याचे नेहमीचे कारण तीच आहे. पण मूळव्याध असलेल्या माणसाला कर्करोग होत नाही, असे थोडेच आहे? दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

हे वय झालेल्यांचे दुखणे आहे, असेही समजू नये. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या एका अभ्यासात त्यांचे सरासरी वय ४७ वर्षांच्या आसपास निघाले. 'ब्लॅक पँथर' या चित्रपटाचा नायक चॅडविक बोसमन २०२० मध्ये याच रोगाने गेला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता.

लक्षणे गाठ कुठे आहे त्यावर ठरतात. उजव्या बाजूला मळ पातळ असतो, त्यामुळे गाठ मोठी होईपर्यंत अडथळा जाणवत नाही. डोळ्यांना न दिसणारे रक्त मात्र रोज थोडे थोडे जात राहते. दम लागतो, थकवा येतो, हिमोग्लोबिन उतरते. पाळी थांबलेल्या बाईचे किंवा कुठल्याही वयाच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेने उतरले असेल, तर नुसत्या गोळ्या देऊन गप्प बसणे चूक आहे, आतडे तपासायला हवे. डाव्या बाजूला मळ घट्ट असतो, तिथे गाठ वाट अडवते. पोट फुगते, कळा येतात, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब होतात. गुदाशयातली गाठ असेल तर सारखी घाई होते आणि जाऊन आल्यावरही साफ झाल्यासारखे वाटत नाही. शौचाच्या सवयीत तीन-चार आठवड्यांवर टिकलेला बदल, रक्त, विनाकारण घटणारे वजन, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय थांबवावेत.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. डॉक्टर हातमोजा घालून, बोटाला वंगण लावून गुदद्वारातून आत चाचपतात. अर्ध्या मिनिटाचे काम. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटाला लागतात. रक्त पडते म्हणून गेलेल्या रुग्णाची ही तपासणी न करताच कुणी मूळव्याधीचे औषध लिहून दिले, तर 'डॉक्टर, एकदा तपासून बघा' असे रुग्णाने स्वतः म्हणावे. बायका पुरुष डॉक्टरसमोर संकोचतात. त्यांनी महिला डॉक्टर शोधावी किंवा सोबत कुणाला न्यावे, पण तपासणी टाळू नये.

दुर्बीण आत काय पाहते

लक्षणे नसताना करायची तपासणी दोन प्रकारची असते. एक मळाची. घरीच मळाचा छोटा नमुना घेऊन प्रयोगशाळेत द्यायचा, तिथे त्यातले न दिसणारे रक्त शोधतात. मिनेसोटातल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले, दरवर्षी अशी तपासणी करणाऱ्या गटात या कर्करोगाचे मृत्यू एक-तृतीयांशाने घटले. ऑस्ट्रेलियात २००६ पासून सरकार ही पेटी टपालाने घरपोच पाठवते. आपल्याकडची सरकारी मोहीम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांपुरती आहे, त्यामुळे आतड्याची काळजी ज्याची त्याने घ्यायची आहे.

दुसरी कोलोनोस्कोपी. त्रास खरा आदल्या रात्रीचा. दोन लिटर किंवा त्याहून जास्त खारट-गोडसर औषधी पाणी प्यायचे आणि पिवळसर स्वच्छ पाणी पडू लागेपर्यंत संडासच्या फेऱ्या मारायच्या. ही तयारी नीट झाली नाही तर छोटे कोंब दिसत नाहीत, म्हणून कंटाळा करू नये. तपासणीच्या वेळी झोपेचे इंजेक्शन देतात. बोटाएवढ्या जाडीची लवचिक नळी आत जाते आणि पडद्यावर ओलसर गुलाबी भिंत दिसू लागते, तिच्यावर रक्तवाहिन्यांची बारीक जाळी असते. कोंब असला की ती जाळी तिथे मोडते आणि एक लालसर उंचवटा दिसतो, कधी देठावर उभा, कधी भिंतीला चिकटलेला. नळीतूनच तारेचा फास पुढे सरकतो, कोंबाच्या मुळाशी आवळला जातो आणि कोंब कापून बाहेर येतो. आत वेदना जाणवत नाही. अर्ध्या-पाऊण तासात काम होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. भिंतीला छिद्र पडण्याचा धोका असतो, पण तो हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. अमेरिकेत ज्यांचे कोंब असे काढले, त्यांच्या दीर्घकालीन पाहणीत या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेपेक्षा निम्म्याहून कमी आढळले.

कोणी, कधी करावी? अमेरिकेत २०२१ पासून सर्वसाधारण माणसासाठी ४५ वर्षे ही सुरुवात धरतात. आपल्याकडे घरात रुग्ण असलेल्यांनी वर सांगितलेल्या वयात, आणि इतरांनी पन्नाशीच्या सुमारास, निदान मळाची तपासणी कधी आणि किती वेळा करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवावे. कोलोनोस्कोपी स्वच्छ निघाली तर साधारणपणे पुढची दहा वर्षांनी करतात. लक्षणे असतील तर मात्र वयाचा विचार करू नये, तेव्हा थेट दुर्बीणच हवी.

रोग आतड्यापुरता असताना सापडला तर अमेरिकेतल्या नोंदींनुसार पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ९० टक्के आहे. दूरच्या अवयवांत पसरल्यावर ते १५ टक्क्यांच्या आसपास येते. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, ते बऱ्याच अंशी वेळेचे आहे, आणि आपल्याकडे तो वेळ बहुतेकदा लाजेने खाल्लेला असतो. म्हणून हे प्रकरण मिटवण्याआधी आई-वडिलांना किंवा घरातल्या थोरांना विचारा, आपल्यात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का आणि कितव्या वर्षी. उत्तर वहीत लिहून ठेवा. आणि घरातले कुणी संडासला रक्त जात असल्याचे लपवत असेल, तर त्याला हाताला धरून याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या.